नकाशावरचा दुसरा बाण

२५ एप्रिल १९८३

आज आमचा कूलर गेला. वारला असता तर दुःख कमी झालं असतं. त्याची घरघर दोन उन्हाळे ऐकत होतो, मनाची तयारी होती. पण तो धडधाकट गेला, चौघांच्या हातांवरून, टाकीतलं पाणी व्हरांडाभर सांडत, पलीकडच्या खोलीत. त्या खोलीवर आज सकाळी पाटी लागली : ध्रुवीय कक्ष.

आमच्या ड्रॉइंग सेक्शनच्या वाट्याला खिडकीतलं चौकोनी भगदाड उरलं. त्यातून सदर बाजारातल्या रस्त्यावरची धूळ, गरम वारा आणि समोरच्या दुकानात सायकलच्या ट्यूबा जाळून चिकटवतात त्याचा वास, हे तिन्ही कुठल्याही परवानगीशिवाय आत येतात. ट्रेसिंगवर मनगट टेकलं की कागद मनगटासोबत वर येतो. पेनाच्या टोकात शाई वाळते. अशा हातांनी बर्फाचे नकाशे काढायचे आहेत.

धोंडबा चपराशाला विचारलं, "काय गा, कूलर काहून नेला?"

"साहेबाचा आर्डर हाय जी. तिकडं बर्फाचं काम होऊन राहिलं म्हन्ते. बर्फाले थंडी लागते न."

यापेक्षा समजूतदार खुलासा मला वरून मिळेल अशी आशा नाही.

२ मे

ध्रुवीय कक्षाची पहिली बैठक. आमचे संचालक गणपतराव पांढरा बुशशर्ट घालून आले होते. बर्फाशी एकरूप होण्याचा प्रयत्न असावा.

प्रकरण असं. डिसेंबरात गोव्याहून जहाज निघणार, दक्षिण ध्रुवाकडच्या बर्फावर जाणार. तिथे नौदलाचं हेलिकॉप्टर एक यंत्र लांब तारेला टांगून उडणार आणि बर्फाखालच्या खडकांचं चुंबकत्व मोजणार. शेतात नांगर फिरवावा तसं : एक रेघ जाताना, तिला समांतर दुसरी येताना, वर काही आडव्या. बर्फ कोस-कोस जाड, डोळ्यांना काही दिसत नाही, म्हणून हा खटाटोप. भंडारा-चांद्याच्या जंगलांवर आमच्या कार्यालयानं हे काम वीस वर्षं केलं. म्हणून दिल्लीनं आखणी आमच्याकडे दिली : रेषा कुठून कुठे, कुठल्या दिशेनं, तेल किती, आणि परत छावणीवर यायचं कसं. वैमानिक आम्ही देऊ त्या तक्त्यावर उडणार.

साहेब बोलले. "नागपूर हा देशाचा मध्य आहे. झीरो माइलचा दगड इथे आहे. इथून सगळ्या दिशा सारख्याच अंतरावर." दिशांना अंतर असतं हे मला आज समजलं. पुढे म्हणाले, "आपली पद्धत वीस वर्षांत चुकली नाही. फक्त गाव बदललंय. भंडाऱ्याच्या जागी अंटार्क्टिका लिहायचं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. टेबलावर कूलरचं वारं येत होतं, अशा वेळी माणूस कशालाही टाळ्या वाजवतो. मीसुद्धा वाजवल्या. वारं आमचंच होतं.

कार्यालयातून एक जण मोहिमेवर जाणार. नाव ठरलं ताराचंद रामटेके. खाप्याचा, तिशीचा, भूभौतिकीत पहिल्या वर्गाचा, आणि बोलायला इतका सावकाश की त्याचं वाक्य संपेपर्यंत दुसरे चहा पिऊन येतात. हाच हेलिकॉप्टरात यंत्राजवळ बसणार. बैठकभर कोपऱ्यात बसून तो पेन्सिलीनं हातावर काहीतरी गणित करत होता. अशांना पाठवतात.

९ मे

सोमवार. ताराचंद रविवारी खाप्याला आईकडे जातो आणि सोमवारी कन्हानच्या रेतीतली डांगरं घेऊन येतो, ती खरबुजासारखी, पिवळी. आज एक टोपलीभर माझ्या टेबलावर ठेवली. "आईनं दिले तुमच्यासाठी, अनंतरावजी. म्हणे, कूलर गेला त्या साहेबाले दे."

माझ्या कूलरची वार्ता खाप्यापर्यंत गेली आहे. मी म्हणालो, उन्हाळ्यात मला बाहेरचं चालत नाही. तो "बरं" म्हणाला आणि टोपली तिथेच ठेवून गेला. ती परत नेण्याचं कष्टाचं काम धोंडबानं नाकारलं, म्हणून मला घरी आणावी लागली.

सुहासिनीनं विचारलं, "बाहेरचं चालत नाही म्हणजे? परवा बर्डीच्या बाजारात समोसा चालला."

"ते वेगळं."

"वेगळं काय ते सांगा न."

बायकांना प्रत्येक गोष्टीची व्याख्या लागते. तिनं डांगर कापलं, बिया काढल्या, साखर घातली, बशी माझ्यासमोर सरकवली आणि समोर बसून राहिली. खाल्लं. साखर जास्त झाली होती.

टोपली बांबूची, काठ बारीक विणलेला. सेक्शनला नेली. ट्रेसिंगच्या कात्रणांना बरी आहे.

१७ मे

आज हद्द झाली. मी पहिल्या नकाशाचा शिरोभाग पूर्ण करत होतो. उजव्या कोपऱ्यात उत्तरेचा बाण : सरळ दांडी, अर्धं काळं टोक, खाली बारीक रेघ. हा बाण मी सहा वर्षं प्रभारी हेड ड्राफ्ट्समन म्हणून आणि त्याआधी बारा वर्षं बिनप्रभारी काढला आहे. साहेब दिल्लीच्या पाहुण्यांना तो बोटानं दाखवतात. ताराचंद मागे उभा राहिला. मग म्हणाला, "अनंतरावजी, हा बाण कोणत्या उत्तरेचा आहे?"

मी मान वर केली. "तुमच्याकडे किती असतात?"

सेक्शन हसला. ताराचंद हसला नाही, रागावलाही नाही. "एक खरी, ध्रुवाकडची. एक सुई दाखवते ती. नागपुरात दोन्ही जवळपास एकच आहेत, अर्धा अंश इकडेतिकडे. म्हणून आपण एकच बाण काढतो."

"मग?"

"तिकडं एक नाही."

मी त्याला विचारलं, बाण माझा आहे की तुमचा? तो "तुमचाच" म्हणाला आणि गेला. पदवी असली की माणसाला दुसऱ्याच्या बाणात खोट दिसू लागते.

३० मे

ताराचंदचं पाणी आता कळलं. संध्याकाळी साहेबांच्या धरमपेठच्या घरी जाताना धोंडबानं त्याला तीनदा पाहिलं. एकदा व्हरांड्यात दोघं बोलत होते, साहेबांचा आवाज चढलेला. धोंडबाच्या मते सलगी वाढली की साहेब मोठ्यानं बोलतात. बरोबरच आहे. मोहिमेचं नाव पक्कं झालेलं असताना घरच्या वाऱ्या कशाला? लोणी लावायला, दुसरं काय. सावकाश बोलणारी माणसं लोणीही सावकाश लावतात, म्हणून दिसायला वेळ लागतो.

साहेबांचा साडूपुत्र रविंद्र याच कार्यालयात आहे. तोही मोहिमेवर जायला उत्सुक म्हणे. त्यानं गेल्या आठवड्यात मला विचारलं की तिकडे ध्रुवीय अस्वलं किती अंतरावर येतात. मी सांगितलं, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकापेक्षा जवळ येत नाहीत. त्याला फार बरं वाटलं.

११ जुलै

नकाशे झाले. बारा पत्रकं. सोबत तक्ता : प्रत्येक रेषेचा क्रमांक, लांबी, आणि 'सुईप्रमाणे दिशा'. हा तक्ता वीस वर्षांपूर्वी कोणीतरी छापून घेतला, आणि त्या रकान्यात आम्ही नकाशावर कोनमापक ठेवून जो कोन येतो तो भरतो. भंडाऱ्यात चाललं.

दुपारच्या सुट्टीत ताराचंद आला. या वेळी उभा राहिला नाही, स्टूल ओढून बसला.

"अनंतरावजी, एक काम होतं. प्रत्येक पत्रकावर दुसरा बाण काढून द्या. आणि त्या रकान्यातले आकडे बदला. तिथं सुई खऱ्या उत्तरेपासून बावीस अंश पश्चिमेला झुकते. आपण नकाशाचा कोन 'सुईप्रमाणे' म्हणून लिहिला तर पायलट तोच धरणार. त्याला काय माहीत आपण नागपूरवाले हिशेबच करत नाही."

"साहेबांना सांगा."

"सांगितलं. चारदा घरी जाऊन सांगितलं." तो स्टुलाची कड नखानं खरवडत होता. "म्हणतात, आराखडा दिल्लीला कळवून झाला. आता बदल म्हणजे चूक कबूल करणं. दिल्ली काम दुसऱ्या शहराला देईल. आणि जास्त बोलशील तर तुझं नावही जाईल."

म्हणजे धरमपेठच्या वाऱ्या या होत्या. असो. लोणी नसेल तर हट्ट असेल, दोन्ही मला न आवडणाऱ्या वस्तू.

"लेखी आदेश आणा," मी म्हणालो. "लेखी आदेशाशिवाय ड्रॉइंग सेक्शनची पेन्सिल हलत नाही."

"आदेश नाही मिळणार."

"मग पेन्सिल नाही हलणार."

तो उठला. दाराशी थांबून म्हणाला, "मी त्या हेलिकॉप्टरात बसणार आहे, जी." सांगण्याच्या सुरात. जसं कुणी सांगावं की मी उद्या रामटेकला जाणार आहे.

१२ जुलै

केवळ त्याचं तोंड बंद करावं म्हणून आज एक कच्चं ट्रेसिंग काढलं. शेवटची रेषा घेतली, आतल्या डोंगरांपासून किनाऱ्यावरच्या छावणीपर्यंत परतीची, एकशेवीस किलोमीटर, सरळ उत्तर. तक्त्यात लिहिलंय शून्य अंश. पायलट सुईवर शून्य धरणार. सुई बावीस अंश डावीकडे. मी कोनमापक लावला, पट्टी धरली, एका दमात रेष ओढली. माझ्या हाताला दम लागत नाही हे सर्वांना ठाऊक आहे.

रेष छावणीला लागली नाही. पंचेचाळीस किलोमीटर बाजूनं गेली आणि किनारा ओलांडून समुद्रात शिरली. मी पट्टी उचलून पुन्हा ठेवली. पुन्हा समुद्रात. तिसऱ्यांदा स्वच्छ कागद घेतला, कारण जुन्या कागदावर ट्रेसिंग सरकलं असेल. सुंदर रेष आली, एकसारख्या जाडीची, कुठे थरथर नाही. पांढऱ्यातून निघून पांढऱ्यातच संपत होती, तेलाच्या हिशेबापलीकडे.

माझ्या हातची रेष अशी फालतू ठिकाणी जाऊन बुडावी हे मला पटत नाही. बाकी कोणी बुडो.

१७ जुलै

रविवार. बारा पत्रकं घरी आणली. नियमात बसत नाही, पण पत्रकंही टेबलावर बसत नव्हती, दिवाणावर पसरावी लागली. सुहासिनीनं चादर काढून दिली.

"कार्यालयाचं काम घरी? तुम्ही?"

"बाण काढतोय."

"एक तर आहे न इथं."

"दुसरा."

ती वाकून बघत राहिली. "हे दोन बाण एकाच ठिकाणाहून निघाले नि वेगळे गेले."

"हो."

"मग खरा कोणता?"

मी सांगितलं, दोन्ही खरे, पण दोघांत कोन किती हे लिहिलं नाही तर खोटे. तिनं मान हलवली आणि चहा टाकायला गेली. इतक्या वर्षांत माझ्या कामाविषयी तिनं विचारलेला हा पहिला प्रश्न असावा, की मी उत्तर दिलेला पहिला, हे आठवत नाही.

नवा तक्ताही लिहिला. प्रत्येक आकड्यात बावीस मिळवले. यात ताराचंदवर मेहेरबानी वगैरे काही नाही. बाण माझा आहे, तो अर्धवट जाऊ नये एवढंच.

८ ऑगस्ट

साहेबांनी पत्रकं उघडली. दुसरा बाण बघून ते प्रथम हसले, आणि कागदावर डास बसला असावा तसा तो बोटानं पुसून पाहिला. पुसला गेला नाही. मी पक्की शाई वापरतो.

ध्रुवीय कक्षात सगळ्यांना बोलावलं. कूलर मंद चालू होता. "हे कोणी केलं?"

मी बोलणार होतो. खरंच बोलणार होतो. त्याच वेळी कूलरच्या गारव्यानं घशात खवखव आली आणि मला खोकला आला. खोकला संपायच्या आत ताराचंद म्हणाला, "मी सांगितलं होतं, सर."

"कोणाच्या परवानगीनं?"

"परवानगी तुम्ही दिली नाही, सर."

त्यात काही उद्धटपणा नव्हता, वाक्य फक्त खरं होतं. साहेबांना खऱ्या वाक्यांची सवय नाही. त्यांनी पत्रकं गुंडाळून कपाटात घातली, किल्ली खिशात टाकली, आणि म्हणाले की मूळ पत्रकांच्या प्रती अजून आहेत, त्याच जातील. "आणि रामटेके, तुमच्या तब्येतीला थंडी झेपेल असं मला वाटत नाही."

९ ऑगस्ट

खोकला आहे. कालचाच.

मी बोललो असतो तरी काय झालं असतं? प्रभारी हा शब्द माझ्या नावामागून या ऑक्टोबरात जायचा आहे, गोपनीय अहवाल साहेबांच्या हातात आहे. शिवाय मी बोलायच्या आत ताराचंदनं उत्तर दिलं, घाई त्याची. सगळ्या जन्मात एकदा घाईनं बोलला, तेही माझ्या खोकल्याच्या मध्ये.

ही गोष्ट सुहासिनीला सांगितली. ती डाळ निवडत होती. एक खडा काढून बाजूला टाकला. मग म्हणाली, "डांगर तर खाल्लं तुम्ही."

"त्याचा काय संबंध?"

"काही नाही."

२२ ऑगस्ट

मोहिमेवर रविंद्र जाणार. तो आज सीताबर्डीवरून लोकरी टोपी घेऊन आला आणि दिवसभर घालून बसला. कूलरसमोर. सेक्शनमध्ये येऊन मला विचारत होता की 'सुईप्रमाणे दिशा' म्हणजे घड्याळाची सुई का. मला या माणसाची काळजी वाटू लागली आहे, म्हणजे माझी अवस्था किती वाईट असेल ते दिसतं.

ताराचंद रोज येतो, यंत्राच्या तारा तपासतो, रविंद्रला समजावून सांगतो. शांतपणे, तेच ते चारदा. मी व्हरांड्यात म्हणालो, "कशाला शिकवता? जाऊ द्या न, बुडेल."

"तो एकटा नाही बुडणार, अनंतरावजी. पायलट दोघं आहेत. आणि त्यानंही काय वाकडं केलं कोणाचं."

याचा मला राग आला. माणसाला थोडा तरी राग यायला हवा, म्हणजे आजूबाजूच्यांना आपला राग कमी वाटतो.

सोमवारी डांगरं बंद आहेत. मोसम केव्हाच संपला म्हणा.

५ सप्टेंबर

मुंबईहून नौदलाचे कमांडर आले, जे स्वतः हेलिकॉप्टर उडवणार. उंच, केस कापलेले, बोलण्यात हिंदी. साहेबांनी त्यांना नागपूर देशाच्या मध्यावर असल्याची बातमी दिली. भिंतीवर जुनी पत्रकं लावली होती, एका बाणाची, माझ्याच हातची.

कमांडरसाहेब तक्ता वाचत गेले. शेवटच्या रेषेवर थांबले. "वापसी का कोर्स ज़ीरो? सुई पर ज़ीरो?"

"बिल्कुल," साहेब म्हणाले. "हमारे यहाँ वीस साल से यही पद्धति है."

त्यांनी रविंद्रकडे बघितलं. रविंद्रनं टोपी काढली. बाकी काही त्याच्याजवळ नव्हतं. ताराचंद दाराशी उभा होता, बैठकीला बोलावलं म्हणून नव्हे, यंत्र उचलायला माणूस हवा होता म्हणून. तो बोलायला तोंड उघडणार हे मला दिसलं. तो पुन्हा माझ्या आधी बोलला असता, आणि पुन्हा मला खोकला आला असता.

माझ्याजवळ जुलैतलं ते कच्चं ट्रेसिंग होतं. खाप्याच्या टोपलीत कात्रणांखाली पडलं होतं, सकाळी कुठल्याशा लहरीत खिशात घातलं. ते उलगडून मी भिंतीवरच्या पत्रकावर धरलं. कोपरे जुळले.

"ये आपका हेलिकॉप्टर," मी म्हणालो. माझी हिंदी वाईट आहे, पण बोट सरळ असतं. "ये आपका कैंप. और ये आप." बोट समुद्रात नेलं.

कूलरचं पाणी टपटपत होतं. साहेबांचा चेहरा माझ्या उजवीकडे होता, त्यामुळे मी डावीकडे बघत बोललो : दुरुस्त पत्रकं त्या कपाटात आहेत, दुसरे बाण मी काढले, घरी नेऊन, आदेशाशिवाय. चूक शोधली रामटेकेंनी, मे महिन्यात. तेव्हा मी त्यांची टिंगल केली. मिनिट्समध्ये हे सगळं हवं तर याच क्रमानं लिहावं.

कमांडरसाहेबांनी ट्रेसिंग माझ्या हातातून घेतलं आणि घडी घालून आपल्या खिशात ठेवलं. मग साहेबांकडे वळून म्हणाले, "चाबी?" आणि दाराकडे बघून, "इनमें से रामटेके कौन है?"

६ सप्टेंबर

साहेबांनी मला बोलावलं नाही. हे बोलावण्यापेक्षा वाईट. धोंडबानं मात्र चहा न मागता आणला. "काल तुम्ही बोल्ले न जी, म्या बाहेरून आयकलं. पन हिंदी लय बेकार हाय तुमची."

ताराचंद येऊन समोर उभा राहिला. आभार मानेल म्हणून मी तयारीत होतो, दोन बोचरी वाक्यं ठेवली होती. तो म्हणाला, "सहाव्या पत्रकावर बावीसच्या जागी वीस लिहिलं तुम्ही."

खरंच लिहिलं होतं. दुरुस्त केलं. वाक्यं वाया गेली.

१९ ऑक्टोबर

प्रभारी होतो, प्रभारी आहे. नवा हेड ड्राफ्ट्समन जबलपूरहून येणार म्हणे. साहेबांनी दिल्लीला पत्र पाठवलं, त्याची प्रत फिरली : 'या कार्यालयाने विकसित केलेली द्विबाण पद्धती.' विकसित. मी शब्द मोठ्यानं वाचला तेव्हा धोंडबानं विचारलं, म्हन्जे काय जी? मी म्हणालो, कपाटात बंद केलेलं.

मोहिमेवर ताराचंद जाणार. नौदलानं नावानिशी मागितला. रविंद्रची टोपी साहेबांनी स्वतः ठेवून घेतली, डिसेंबरात सकाळी फिरायला जाताना घालायला.

सुहासिनीला पदाचं सांगितलं. म्हणाली, "बरं झालं." काय बरं झालं ते तिनं सांगितलं नाही आणि मी व्याख्या मागितली नाही.

२८ नोव्हेंबर

दोन घटना. ताराचंद आज गोव्याला निघाला. आणि आमचा कूलर परत आला.

ध्रुवीय कक्षाला आता त्याची गरज नाही. नोव्हेंबरची थंडी पडली आहे, सेक्शनमध्ये सकाळी बोटं वळत नाहीत, आणि खिडकीच्या भगदाडात चौघांनी घाम गाळून कूलर बसवला. चालू करून दाखवला. मी पावतीवर सही केली. सरकारी यंत्रणेविषयी माझं जे मत होतं ते आता इतकं पक्कं झालं आहे की त्यात भर घालायला जागा नाही.

ताराचंदला स्टेशनवर पोचवायला अर्धं कार्यालय गेलं, हार घेऊन. मी गेलो नाही. हारांच्या गर्दीत माझा जीव गुदमरतो. तो सकाळीच सेक्शनला येऊन गेला. "आई खाप्याला एकटीच आहे," म्हणाला. "तिला नीट समजलं नाही मी कुठं चाललो. नकाशा दाखवला तर म्हणाली, इतकुसा तर आहे."

"मग?"

"काही नाही, जी. सहजच."

सहज बोलणारा माणूस तो नाही. पण मला कुठे काय करायचंय.

२० जानेवारी १९८४

बिनतारी संदेश आला. ठरलेल्या रेषांपैकी बहुतेक उडून झाल्या. एकदा मध्येच पांढरं धुकं उतरलं, आभाळ आणि बर्फ एक झाले, सुईवरच परत यावं लागलं. सगळे सुखरूप. परतीची रेष छावणीवरच्या बांबूच्या निशाणापासून दोन फर्लांगावर निघाली.

साहेबांनी हा संदेश सूचना फलकावर लावला, खाली स्वतःची सही ठोकून. जणू धुकंही त्यांच्या मंजुरीनं उतरलं होतं. मी तो सकाळी वाचला, जेवणाच्या सुट्टीत वाचला आणि घरी निघताना वाचला. अक्षर वाईट आहे, समजायला वेळ लागतो.

२२ जानेवारी

सकाळी सुहासिनीनं विचारलं की खाप्याची टोपली कार्यालयात अजून किती वर्षं राहणार. कालच घरी आणली आहे, मी म्हणालो. "मग रिकामी देणार?" रिकामी टोपली परत करत नाहीत, हे मला माहीत नाही असं तिला वाटतं. काल नरखेडच्या बाजूची संत्री घेऊन ठेवली होती, ती काठापर्यंत भरली. एसटीत टोपली मांडीवर धरून बसावं लागलं. एका बाईनं दोनदा भाव विचारला.

खाप्यात घर सापडलं. मातीचं, सारवलेलं, भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, शेजारी पोराचा पदवीचा फोटो. ताराचंदच्या आई, प्रयागबाई, अंगणात उन्हाला बसल्या होत्या. बारीक, पिकल्या केसांच्या. नाव सांगितलं तर त्यांनी डोळ्यांवर हात धरून बघितलं.

"कूलर गेला तो साहेब का गा तू?"

हो म्हणालो. माझी कीर्ती एवढीच.

"आला का मंग?"

"आला. हिवाळ्यात."

त्या हसल्या, आवाज न करता. पाणी आणलं. मग चहा. मी दोन्ही प्यायलो. चहात साखर जास्त होती, पण मी कुणाला सांगणार.

संदेशाचं सांगितलं : पोरगा बरा आहे, काम झालं, धुक्यातून नीट परत आला. त्यांनी सगळं ऐकलं आणि फक्त एकच विचारलं.

"पन हाय कोन्या बाजूले तो? रोज संध्याकाळी म्हन्ते मी, इकडं पाहू का तिकडं. कोनी सांगत नाही."

मी उठून अंगणात उभा राहिलो. सूर्य बघितला, सावली बघितली. होकायंत्र आणलं नव्हतं, आणि खाप्यात त्याची गरजही नाही. इथे सुई आणि ध्रुव भांडत नाहीत, एका हातानं काम होतं. मी हात दक्षिणेला केला, शेजाऱ्याच्या गोठ्यावरून, बाभळीच्या डावीकडून.

"तिकडे. सरळ."

"त्या बाभयीच्या बाजूनं?"

"हो. सरळ गेलं की तोच."

त्यांनी त्या दिशेला बघितलं, रस्त्यावरून कुणी येत असताना बघावं तसं. मग आत जाऊन पाट आणला आणि बाभळीकडे तोंड करून ठेवला.

संत्री त्यांनी सुपात ओतली. टोपली उलटी करून थोपटली. काठाच्या विणीतून माझ्या ट्रेसिंगचं एक कात्रण खाली पडलं, ते त्यांनी उचलून मला दिलं.

"माहीच होय न हे? म्या तं म्हटलं गेली."

टोपली खुंटीला अडकवली. मी परतीची बस धरली.